कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत स्कॅनर पोचला कसा?

चिल्लर_सम्राट:

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात गावी गेलो होतो. बाजाराचा दिवस म्हणून पिशवी घेऊन निघालो. एका आजीकडे कोथिंबीर चांगली दिसली, जुडी उचलली आणि शंभराची नोट पुढं केली. आजीनं नोटेकडं बघितलं पण नाही. "सुट्टं न्हाईत बाबा, त्याच्यावर मार." त्याच्यावर म्हणजे छत्रीच्या दांड्याला सुतळीनं बांधलेला स्कॅनर. मी मारले. आजीचा स्वतःचा फोन बटणांचा, पैसे आले की नाही ते तिला कळणार कसं? तर तिनं शेजारच्या मिरचीवाल्या पोराला हाक मारली, "गेलं का रं?" त्यानं माझ्या मोबाईलच्या स्क्रीनकडं बघून मान हलवली, व्यवहार पूर्ण.

सोमवारी हापिसात हे सांगितलं तर जेवणाच्या टेबलावर भांडण लागलं. एकजण म्हणे हे सगळं नोटबंदीमुळं. दुसरी म्हणे जिओमुळं. साहेब म्हणाले लोकांना कॅशबॅकची चटक लावली, बाकी काही नाही. माझं साधं मत असं की आपल्या देशात सुट्ट्या पैशांची जी कायमची बोंब आहे ना, तिनं हे वाढवलं. कंडक्टर, रिक्षावाला, दूधवाला, सगळ्यांशी आपली आयुष्यभराची भांडणं दोन रुपयांवरून. तुमचं काय मत? आणि मत नसेल तर अनुभव टाका, ते जास्त आवडेल.

तर्कटी:

नोटबंदी. विषय संपला. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री ८ वाजता चलनातल्या ८६ टक्के किमतीच्या नोटा बाद झाल्यावर माणूस काय करणार? त्या दोन महिन्यांत आमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं सुद्धा वॉलेटचा कागद चिकटवला होता. आधी गरज, मग सवय.

वडापाव_विदाऊट_चटणी:

आला नोटबंदीचा मुद्दा दुसऱ्याच पोस्टला! मी खुर्ची ओढून बसलोय, चहा पण सांगितलाय. धागा शंभरी गाठणार.

शंकेखोर:

तर्कटीराव, सवय लागली म्हणता तर जरा आकडे बघा. नोव्हेंबर २०१६ मध्ये यूपीआयवर अख्ख्या देशात मिळून साधारण ३ लाख व्यवहार झाले. महिन्याभरात. डिसेंबरात २० लाखांच्या आसपास. एका महिन्यात १०० कोटी व्यवहारांचा टप्पा आला तो ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे नोटबंदीनंतर जवळजवळ तीन वर्षांनी. १००० कोटी ऑगस्ट २०२३ ला आणि २००० कोटी ऑगस्ट २०२५ ला. नोटबंदीनं वाढलं असतं तर नवीन नोटा आल्यावर थंड पडायला पाहिजे होतं ना? उलट नोटा मुबलक झाल्यावरच ते सुसाट सुटलं.

तुमच्या पानवाल्याचा कागद वॉलेटचा होता हे तुम्हीच लिहिलंय. वॉलेट वेगळं आणि यूपीआय वेगळं.

तर्कटी:

कागद चिकटवायची सवय तर लागली ना! बी पेरल्या दिवशी झाड येत नाही शंकेखोरभाऊ.

मीच_ती:

मी २०१७ ला पुण्यात होस्टेलवर होते. त्या वर्षी सप्टेंबरात तेझ आलं (त्याचंच पुढं गुगल पे झालं). एकाला जोडून घ्या, ५१ रुपये मिळवा. ५१! अगदी लग्नाच्या पाकिटासारखे :) मी अख्खा मजला जोडला, मग मेसच्या काकूंना जोडलं, मग मेसच्या काकूंच्या जावयाला. दोन आठवड्यांत महिन्याची मेस निघाली. तेव्हा देशाच्या प्रगतीशी आमचा काडीचा संबंध नव्हता, आम्हाला फुकटची पाणीपुरी पाहिजे होती.

नंतर ते स्क्रॅच कार्ड नुसतंच "पुढच्या वेळी बघू" म्हणायला लागलं तरी ॲप कुणी काढलं नाही. का, तर तोवर खोलीचं भाडं, लाईटबिल, मॅगी सगळ्याची वाटणी त्याच्यावरच चालू झालेली. "तुझे ३७ रुपये राहिले" हे आता हक्कानं म्हणता यायचं. पूर्वी ३७ रुपये मागायला लाज वाटायची. साहेबांचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच.

निवृत्त_रोखपाल:

एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या काउंटरवर ३१ वर्षं काढली, म्हणून थोडं लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर पुढं सरका.

इथं सगळे दिसणाऱ्या गोष्टींबद्दल बोलताहेत, नोटा, ॲप, कॅशबॅक. जमिनीखालचे पाइप आधी पडले होते ते कुणाला दिसत नाही. रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना यांनी मिळून २००८ ला एनपीसीआय ही बँकांमधल्या पैशांच्या देवाणघेवाणीची व्यवस्था चालवणारी संस्था काढली. २०१० च्या नोव्हेंबरात आयएमपीएस सुरू झालं, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तत्काळ, रविवारी, रात्री बारा वाजता सुद्धा पैसे. तोवर एनईएफटी केलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन विचारायचं, "साहेब पोचले का?" पण आयएमपीएसला खातं नंबर आणि आयएफएससी लागायचा किंवा तो एमएमआयडी नावाचा सात आकडी नंबर, जो आमच्यातल्याच निम्म्यांना पाठ नव्हता. यूपीआय हे त्याच पाइपांवर बसवलेला सोपा नळ आहे. ११ एप्रिल २०१६ ला रघुराम राजन गव्हर्नर असताना मुंबईत त्याची सुरुवात झाली, म्हणजे नोटबंदीच्या सात महिने आधी.

त्या नळाची खरी गंमत अशी की ॲप कुठलंही असो, बँक कुठलीही असो, पैसे जातात. तुमचं खातं सहकारी बँकेत, माझं स्टेट बँकेत, तुमचं ॲप फोनपे, माझं भीम, काहीही अडत नाही. वॉलेटचं तसं नव्हतं. एका वॉलेटमधून दुसऱ्यात पैसे टाकायची सोय नव्हती, ज्याचा कागद दुकानात त्याचंच वॉलेट तुमच्याकडं पाहिजे. म्हणजे एका गावच्या विहिरीतलं पाणी दुसऱ्या गावात चालत नाही तसलं काहीतरी.

आणि त्याच्याही आधी खाती उघडायला लागली. २०१४ च्या ऑगस्टात जनधन आलं तेव्हा आमच्या शाखेबाहेर रांग रस्त्यापर्यंत गेली होती. आम्ही वैतागून म्हणायचो, ही शून्य शिलकीची खाती काय कामाची? २०२३ मध्ये अशी ५० कोटी खाती झाली होती. तुमच्या आजीच्या स्कॅनरला जोडलेलं खातं, मुलाचं म्हणा नातवाचं म्हणा, त्यातलंच असणार, बघा विचारून.

पोफळी:

+१ रोखपालकाका. पण पाइप पडले म्हणून पाणी भरायला कुणी येत नाही, तहान लागलेली असावी लागते. आमच्या कोकणात ती तहान शंभर वर्षं जुनी आहे.

माझे आजोबा परळच्या गिरणीत. आजी राजापूरजवळच्या गावात, पाच मुलं आणि एक म्हैस घेऊन. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. आमच्या अख्ख्या वाडीचं पोट त्या मनीऑर्डरवर होतं, कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणायचे ते उगाच नाही. आजोबा २० रुपयांमागे १ रुपया कमिशन भरायचे (हा दर नंतर मला कळला), म्हणजे शंभराला पाच. फॉर्मच्या खालच्या चिटोऱ्यावर दोन ओळी लिहायची जागा असायची. आजीला वाचता येत नव्हतं, पोस्टमनच वाचून दाखवायचा. त्यामुळं आमच्या घरात काय चाललंय ते पोस्टमनला आमच्याआधी कळायचं. अंगठा लावला की तो पैसे मोजून द्यायचा, आजी त्याला पाणी आणि गूळ द्यायची आणि आत जाऊन पुन्हा एकदा मोजायची.

१९८२ ला संप झाला आणि मनीऑर्डरी आटल्या, तो वेगळा विषय.

आता माझा चुलतभाऊ नालासोपाऱ्याहून काकूला दर महिन्याला पाठवतो, पाच सेकंदात, एक पैसा कमिशन नाही. माणसं तीच, वाट तीच, मुंबईहून गावाकडं. म्हणून मला वाटतं मोबाईलवरून पैसे पाठवणं वाढायचं पहिलं कारण म्हणजे घर एकीकडं आणि रोजगार दुसरीकडं असणं. फक्त काकू म्हणते, "दोन ओळी येत नाय रे आता."

आडवणातलो_झील:

पाच सेकंद म्हणे! हयसर रेंज खय गावता? काजीच्या झाडाखाली जावन उभ्या रवाक लागता, तेव्हा खय "प्रोसेसिंग" येता.

वडापाव_विदाऊट_चटणी:

झाडाखाली उभं राहिल्यावर काजू फुकट पडत असतील तर तोच कॅशबॅक समजा.

नैरोबीकर:

पोफळीताईंचं वाचून राहवलं नाही. मी गेली नऊ वर्षं नैरोबीत आहे आणि तुमच्या आजोबांची गोष्ट इथं घरोघरी ऐकायला मिळते, फक्त परळच्या जागी नैरोबी आणि राजापूरच्या जागी किसुमू.

इथं एम-पेसा मार्च २००७ ला सुरू झालं. आपल्या यूपीआयच्या नऊ वर्षं आधी, स्मार्टफोन नसताना, इंटरनेट नसताना. सिमकार्डमध्येच एक मेन्यू, त्यातून पैसे पाठवायचे, समोरच्याला मेसेज येतो आणि तो जवळच्या एजंटकडं जाऊन रोख घेतो. एजंट म्हणजे कोण, तर रिचार्जचं, किराण्याचं टपरीवजा दुकान. सफारीकॉम ही इथली सगळ्यात मोठी मोबाईल कंपनी, तिनं ते काढलं, व्होडाफोनची त्यात भागीदारी आणि सुरुवातीला ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीतून पैसे मिळालेले. मजा अशी की हे पैसे पाठवायला म्हणून काढलंच नव्हतं. २००५ ला चाचणी झाली ती बचतगटासारख्या छोट्या कर्जांचे हप्ते मोबाईलवरून फेडायची. लोकांनी हप्ते राहिले बाजूला, एकमेकांना पैसे पाठवायला सुरुवात केली! कंपनी शहाणी, तिनं सगळी योजना बदलली आणि जाहिरात केली "सेंड मनी होम". घरी पैसे पाठवा. बस्स, तीन शब्द.

त्याआधी शहरातला माणूस काय करायचा? बसच्या ड्रायव्हरच्या हातात पाकीट द्यायचा किंवा गावी जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडं. पोचले तर पोचले. मग २००७ च्या डिसेंबरात निवडणूक झाली आणि नंतर दंगली उसळल्या. रस्ते बंद, बँका बंद, माणसं अडकलेली. त्या काळात लोकांनी अडकलेल्या नातेवाईकांना मोबाईलवरून पैसे आणि टॉकटाइम पाठवला. आमच्या ऑफिसातली एक बाई सांगते, तिच्या आईनं तोवर या प्रकारावर विश्वासच ठेवला नव्हता, त्या जानेवारीत ठेवला.

इथं पाठवायला आणि काढायला पैसे पडतात बरं का, आपल्यासारखं फुकट नाही. तरी वाढलं. कारण तुलना फुकटाशी नव्हतीच, ड्रायव्हरशी होती.

(अवांतर: पेसा म्हणजे स्वाहिलीत पैसा. आपलाच शब्द, व्यापाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून आलेला. पहिल्या दिवशी फार घरच्यासारखं वाटलं होतं.)

मीच_ती:

नैरोबीकर, भारी प्रतिसाद! वेगळा धागा काढा यावर.

शंकेखोर:

मस्त माहिती, पण मग एक शंका (नावाला जागतो). हेच एम-पेसा व्होडाफोननं २०१३ ला भारतात पण आणलं होतं ना? तहान इथंही होती, मुंबईतून कोकणात, सुरतेतून ओडिशात, कोट्यवधी लोक. मग इथं का फसलं? २०१९ ला गाशा गुंडाळला.

निवृत्त_रोखपाल:

चांगला प्रश्न. दोन-तीन गोष्टी. केनियात एका कंपनीकडं बहुतेक गिऱ्हाईक, म्हणजे आई आणि मुलगा दोघांकडं तेच सिम. आपल्याकडं मुलाकडं व्होडाफोन, आईकडं बीएसएनएल कारण गावात तेवढीच रेंज. दुसरं, रिझर्व्ह बँकेनं बँक नसलेल्यांच्या वॉलेटमधून रोख काढू दिली नाही, म्हणून त्यांना एका बँकेला सोबत घेऊन सुरुवात करावी लागली. ज्याला हातात रोख पाहिजे त्याला ते अवघड पडलं. आणि तिसरं म्हणजे इथं सरकारनं आणि रिझर्व्ह बँकेनं ठरवलं की मोबाईल कंपनीच्या खात्यापेक्षा बँकेचंच खातं प्रत्येकाला द्यायचं. केनियात बँक फार थोड्यांच्या वाट्याला होती, म्हणून मोबाईलच बँक झाला. आपण खाती आधी उघडली आणि मोबाईल त्याला जोडला. इथल्या बँकांनी ते होऊ दिलं, तिकडच्या बँकांनी सुरुवातीला तक्रारी केल्या होत्या असं वाचल्याचं आठवतं, बरोबर का नैरोबीकर?

नैरोबीकर:

अगदी बरोबर. पण इथल्या केंद्रीय बँकेनं आधी चालू द्या, बघू काय होतंय असं धोरण ठेवलं. नियम नंतर आले. आधी नियम करत बसले असते तर एम-पेसा जन्मालाच आलं नसतं असं इथले लोक म्हणतात.

भिवंडीचा_बाबू:

ह्या तहानेवर मी १० वर्ष पोट भरलं म्हणून बोलतो. माझं मोबाईल रिचार्जचं दुकान, बाहेर बोर्ड "यहाँ पैसा भेजा जाता है". लूममधले कामगार, सगळे यूपी बिहारचे, पगाराच्या दिवशी रात्री अकरापर्यंत रांग. रोख आणायचे, मी कंपनीच्या पोर्टलवरून त्यांच्या घरच्या खात्यात टाकायचो. एका वेळेला ५,००० च जायचे, जास्त असले तर तुकडे करा. हजाराला दहा रुपये घ्यायचो, काही लोक पंधरा घ्यायचे. घरून फोन येईस्तोवर माणूस दुकानातून हलायचा नाही. "मिल गया" असं पलीकडून ऐकलं की मग चहा.

२०१८-१९ पासून रांग कमी व्हायला लागली. आधी तरुण पोरं गेली. मग त्यांनी म्हाताऱ्यांना शिकवलं. लॉकडाऊनमध्ये कामगारच गावी गेले, परत आले ते सगळे फोनमध्ये फोनपे घेऊन. आता महिन्याला मोजून तीस-चाळीस गिऱ्हाईक येतात, ज्यांचा पगार रोखीत आहे आणि खातं नाही किंवा आधारचा काहीतरी घोळ आहे. मी आता मोबाईलचे कव्हर आणि काचा विकतो. काच सगळ्यांची फुटतेच.

वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण एक म्हातारा होता, हजाराला दहा द्यायचा तेव्हा दर वेळी नोट दोनदा मोजायचा. त्याचं आता काही जात नाही. त्याला मीच ॲप टाकून दिलं, स्वतःच्या पायावर धोंडा.

पोफळी:

बाबूशेठ _/\_ शेवटची ओळ वाचून थांबले क्षणभर.

गल्ल्यावरचा:

उशिरा आलो, दुकान बंद करून लिहितोय. किराणा दुकान आहे, नाशिकरोडला.

सुट्ट्या पैशांबद्दल धागाकर्त्याला शंभर टक्के पाठिंबा. पूर्वी मी महिन्याला चॉकलेटच्या दोन बरण्या फक्त सुट्ट्यांच्या बदल्यात द्यायला ठेवायचो. गिऱ्हाईक वैतागायचं, मी वैतागायचो, फक्त चॉकलेट कंपनी खूश. बँकेत चिल्लर आणायला गेलो की वेगळी मिनतवारी.

पण दुकानदार म्हणून खरं सांगू का? कार्डाचं मशीन मी कधी घेतलं नाही कारण भाडं आणि वर दर व्यवहाराला टक्केवारी. साखरेच्या किलोमागं मला सुटतात किती, त्यातून तुम्हाला काय देऊ? यूपीआयला दुकानदाराला काही लागत नाही, १ जानेवारी २०२० पासून सरकारनं ते शून्यच केलं. आणि स्कॅनर म्हणजे काय, एक कागद. मशीन नाही, चार्जिंग नाही, रोल नाही. कागद फाटला तर कंपनीचा पोरगा येऊन दुसरा चिकटवतो.

दुसरी गोष्ट कुणी लिहिली नाही. बोलणारा डबा. तो यायच्या आधी गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक मोबाईल दाखवून जायचं आणि रात्री हिशेब लावला की दोन-चार "झालं काका" वाले निघायचे ज्यांचं झालेलंच नसायचं. काहींनी तर नुसता जुना स्क्रीनशॉट दाखवलेला. डबा आला आणि "साठ रुपये प्राप्त झाले" असं तो ओरडायला लागला तेव्हा मी मापं करता करता निवांत झालो. आता तर माझी तीन वर्षांची नात खेळण्यातलं दुकान मांडते आणि तोंडानं "शंभर रुपये प्राप्त झाले" म्हणते.

तक्रार एवढीच की त्या डब्याचं भाडं महिन्याला कापलं जातं. फुकट फुकट म्हणता तसं सगळं फुकट नाही.

चिल्लर_सम्राट:

दादा, चॉकलेटच्या बरण्या वाचून गहिवरून आलं, माझ्या लहानपणीचे निम्मे दात त्यातच गेलेत.

तर्कटी:

मग खर्च करतंय कोण? सर्व्हर हवेवर चालत नाहीत. २०२४-२५ साठी सरकारनं साधारण १,५०० कोटींची योजना मंजूर केली, छोट्या दुकानदाराच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला ०.१५ टक्के, ते बँका आणि ॲपवाल्यांत वाटायचं. म्हणजे शेवटी माझ्या-तुमच्या करातून. उद्या हे बंद झालं आणि दुकानदाराला अर्धा टक्का लागला तर गल्ल्यावरचा दादा कागद ठेवतील का?

गल्ल्यावरचा:

ठेवीन, पण उलटा करून :)

बंगळूरकर_पुणेरी:

ह्याचं उत्तर आम्ही २०२५ च्या जुलैत बघितलं. यूपीआयवर आलेल्या रकमेवरून कर्नाटकाच्या कर खात्यानं छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. वर्षाला मालाची ४० लाखांवर विक्री असेल तर नोंदणी लागते, तो हिशेब. आठवड्यात आमच्या गल्लीतल्या चहावाल्यानं, भाजीवाल्यानं स्कॅनर काढला आणि पाटी लावली, यूपीआय नाही, फक्त रोख. इतके दिवस फोन हलवत फिरणारे आम्ही सगळे एटीएम शोधत फिरत होतो. काही दिवसांनी वातावरण निवळलं, पण तेव्हा कळलं की हा कागद किती लवकर निघू शकतो.

म्हापशेकर:

आमगेर उलट. टुरिस्ट रोख घेऊन येतच नाहीत. शॅकवाल्यापासून शहाळेवाल्यापर्यंत सगळ्यांनी लावला, नाहीतर पुढच्याकडे जातात. गरज विक्रेत्याची, सवय टुरिस्टाची.

स्वयंपाकघरातून:

सगळे पुरुष लिहिताहेत (मीच_ती आणि पोफळी सोडून) म्हणून मी पण लिहिते. माझ्या सासूबाई आणि माझ्या कामवाल्या मावशी, दोघी ॲप वापरायला तयार नाहीत आणि दोघींचं कारण एकच आहे. डाळीच्या डब्यातले पैसे. बाईकडं चार पैसे असतात ते घरात कुणाला माहीत नसतात, त्यातूनच पोरीची फी निघते, त्यातूनच माहेरी जाताना साडी येते. मोबाईलवर आले की नवरा मेसेज वाचतो. मावशींचा पगार मी एकदा खात्यात टाकला तर त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ताई, हातात देत जा, तिकडं टाकले की ते माझे राहत नाहीत."

म्हणून नोटा काही संपल्या नाहीत. नोटबंदीच्या वेळेला चलनात होत्या त्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीच्या नोटा आता आहेत म्हणे.

शंकेखोर:

बरोबर आहे ताई, २०१६ ला १८ लाख कोटींच्या थोडं खाली होत्या, २०२४ च्या मार्चमध्ये ३५ लाख कोटींच्या आसपास. रोख आणि यूपीआय दोन्ही एकदम वाढतंय. डाळीच्या डब्याचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यातच आला नव्हता, धन्यवाद.

माजलगावकर:

आमच्याकडं ऊसतोडीला जाणारी माणसं. दिवाळीनंतर नवरा-बायको कारखान्यावर, पोरं आज्जीपाशी गावात. आधी पोरांना दवाखाना लागला तर आज्जी गावातल्या दुकानदाराकडून उसने घ्यायची, तो व्याज लावायचा. आता कोपीतून (तिथल्या झोपडीतून) फोनपे करतात, दुकानदार आज्जीला रोख देतो, हजाराला दहा-वीस कापून. व्याजापेक्षा बरं. म्हणजे नैरोबीकर म्हणतात तो एजंट इथंबी आहे, फक्त त्याला बोर्ड नाही.

नैरोबीकर:

वा! बिनबोर्डाचा एम-पेसा. हे कुठल्या अहवालात सापडणार नाही.

मीच_ती:

जिओचं कुणी बोललंच नाही अजून! सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं आणि पुढच्या मार्चपर्यंत डेटा फुकट. त्याआधी आम्ही महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरायचो. नेट बंद ठेवायची सवय असलेल्या माणसाच्या फोनवर ॲप असून उपयोग काय. माझ्या मते जिओनं लोकांना सतत ऑनलाइन ठेवलं, बाकीचं मागून आलं.

आणि जाता जाता, लॉकडाऊनमुळं वाढलं म्हणणाऱ्यांसाठी, एप्रिल २०२० मध्ये व्यवहार आधी कमी झाले होते, दुकानंच बंद तर मारणार कुठं. ऑक्टोबरपर्यंत मात्र महिन्याला २०० कोटींच्या वर गेले.

निवृत्त_रोखपाल:

विषयाला सोडून एक सूचना, ज्येष्ठ मंडळी वाचत असतील म्हणून. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. पिन लागतो तो द्यायला. माझ्या एका मित्रानं जुना सोफा विकायला काढला, घेणाऱ्यानं "पैसे पाठवलेत, पिन टाका म्हणजे जमा होतील" सांगितलं, ३२ हजार गेले आणि सोफा घरातच. माणसामाणसांतल्या त्या पैसे मागायच्या विनंत्या आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्यात, पण चोर दुसरी वाट काढतातच.

वडापाव_विदाऊट_चटणी:

निदान बसून रडायला सोफा तरी राहिला.

चिल्लर_सम्राट:

मंडळी, परवा पुन्हा गावी गेलो होतो (आईचा चष्मा) आणि मुद्दाम आजीकडं गेलो. सरळच विचारलं, आजी हे कधी लावलं, का लावलं. इथले सगळे मुद्दे डोक्यात होते, वाटलं आजी सुट्ट्यांचं नाव घेईल आणि मी इथं येऊन कॉलर ताठ करीन.

आजी म्हणाली, "पलीकडच्या शेवंतीनं लावलं. मग पोरीबाळी तिच्याकडं जाया लागल्या. नोकरीवाल्या बायांकडं पैसंच नसत्यात, निस्ता फोन. मंग नातवाला म्हणलं आण बाबा काय ते." म्हणजे म्हापशेकरांचा मुद्दा जिंकला, सुट्टे हरले. खातं नातवाचंच, जनधनचं आहे का ते तिला माहीत नाही, रोखपालकाका.

मी परत जुडी घेतली आणि स्कॅनरकडं मोबाईल नेला तर आजीनं माझा हात धरला. "तुज्याकडं रोख असलं तर रोखच दे. त्याच्यातलं नातू मला देत न्हाई."

स्वयंपाकघरातून:

:D सांगितलं होतं ना, डाळीचा डबा!

तर्कटी:

ठीक आहे, नोटबंदीचा मुद्दा मी तूर्त मागे घेतो. तूर्त.

गल्ल्यावरचा:

ते सगळं सोडा, जुडी कितीला दिली आजीनं?

चिल्लर_सम्राट:

वीसला. ह्या वेळी सुट्टे होते माझ्याकडं.